तक्रार: तुमच्या फ्लाइट सिम्युलेटरमधल्या (संगणकावर विमान उडवायच्या प्रोग्राममधल्या) मिग-२१ या रशियन लढाऊ विमानाच्या ‘इंग्रजी कॉकपिट’बद्दल

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि मिग-२१ बनवणारी टीम

विषय: भाषा बदलली की पाट्या बदलतात, काटे बदलत नाहीत, धडे चुकीचे, तक्रार परस्पर बंद

तुमच्या हेल्पलाइनशी बोलून आत्ताच फोन ठेवला. मी बोलत असतानाच ‘आपली अडचण सोडवण्यात आली आहे’ असा मेल येऊन पडला, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. मिग-२१ काय चीज आहे हे तुम्हाला समजावायची गरज नाही असं धरून चालते. हेल्पलाइनवर ते समजावावं लागलं.

दोष सरळ आहे. सेटिंगमध्ये ‘कॉकपिटची भाषा: इंग्रजी’ केलं की उंचीच्या डायलवर ‘फूट’ आणि वेगाच्या डायलवर ‘नॉट’ (म्हणजे ताशी सागरी मैल) लिहून येतं. काटे मात्र पूर्वीसारखे मीटर आणि ताशी किलोमीटरच दाखवत राहतात. रंगाऱ्याला बोलावून पाट्या रंगवून घेतल्या आणि दुकान उघडलं, असा कारभार.

आता तुमच्या लँडिंगच्या धड्यात काय होतं ते बघा. शिक्षक सांगतो, ‘१९० नॉट धरा.’ मी काटा १९० वर आणते. तो मोजतोय किलोमीटर, म्हणजे माझा खरा वेग जेमतेम १०३ नॉट. एवढ्याशा त्रिकोणी पंखांचं हे विमान त्या वेगाला उडत नाही, दगडासारखं खाली येतं. १९० नॉट म्हणजे ताशी ३५२ किलोमीटर. काटा तिथे हवा. उंचीचं याच्या उलट. शिक्षक म्हणतो, ‘१००० फुटांवर वळा.’ काटा १००० वर येतो तेव्हा मी असते ३,२८० फुटांवर, आणि धावपट्टी पोटाखालून निघून जाते. वर त्याच शिक्षकाचा थंड आवाज: ‘आपण हा धडा पूर्ण करू शकला नाहीत.’ कसा करणार?

‘मग रशियन कॉकपिट ठेवा ना,’ असं तुमच्या लोकांनी सुचवलं. अहो, मला तेच हवंय! त्यासाठीच तर हे विमान घेतलं. इंग्रजी ‘पी’सारखं दिसणारं अक्षर ‘र’, ‘एच’सारखं दिसणारं ‘न’, ‘सी’ म्हणजे ‘स’, एवढं कुणालाही जमतं. पुढे तर वाचावंही लागत नाही, कुठलं बटण कुठे ते हाताला कळतं. रशियन पाट्यांत डायल बरोबर आहेत, पण धडे तिथेही फूट आणि नॉटच बोलतात. ‘हवेचा दाब १०१३ वर लावा,’ म्हणे. हे झालं हेक्टोपास्कलमधलं माप. उंचीच्या डायलवरच्या दाबाच्या खिडकीत १०१३ हा आकडाच नाही, कारण तिथे पाऱ्याचे मिलिमीटर आहेत. लावायचे असतात ७६०. हे धडे कुठल्या तरी पाश्चात्त्य विमानासाठी लिहून इथे चिकटवलेत हे उघड आहे. इंधनाच्या डायलचंही तेच. मिग-२१ मध्ये तो टाकीत डोकावत नाही. किती लिटर भरलं ते वैमानिकाने उड्डाणाआधी हाताने लावायचं आणि पुढे त्यातून खर्च वजा होत जातो. तुम्ही ते यंत्र हुबेहूब बनवलंत, आणि धड्यात त्याबद्दल एक अक्षर नाही.

आता आजच्या फोनबद्दल. हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड होणारे कॉल कुणी ऐकत असेल असं मला वाटत नाही.

मी सगळं वर लिहिलंय तसं सांगितलं. पलीकडून: ‘मॅडम, तुम्ही भाषा इंग्रजी केली का?’

मी म्हटलं, तीच तर तक्रार आहे.

‘ओके मॅडम. मग एकदा भाषा रशियन करून परत इंग्रजी करा.’

केलं. पाटी फूट, काटा मीटर. तसं सांगितलं.

‘पण मॅडम, आता इंग्रजी दिसतंय ना?’

हो, दिसतंय.

‘मग प्रॉब्लेम काय आहे?’

मी तीन श्वास घेतले आणि कृत्रिम क्षितिजाकडे, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या डायलकडे वळले. धडा म्हणतो, विमान उजवीकडे कललं की क्षितिजाची रेषा डावीकडे झुकलेली दिसेल. या विमानात ती झुकत नाही! इथे रेषा आडवीच राहते आणि विमानाचं चित्र कलतं. नवशिक्याने धड्यावर विश्वास ठेवला तर ढगात शिरल्यावर तो स्टिक (विमान कलवायची दांडी) भलत्याच बाजूला नेईल. यावर उत्तर आलं, ‘मॅडम, गेम आहे तो. एवढं काय?’

एवढं काय ते सांगते. २००८ मध्ये रशियात पर्मजवळ बोइंग ७३७ कोसळून ८८ माणसं गेली. पाश्चात्त्य पद्धतीचं क्षितिज वाचण्यात वैमानिक पुरेसे तयार नसणं, हे चौकशीत कारणांमध्ये नोंदलेलं आहे. ते रशियन पद्धतीवर तयार झालेले होते. तुम्ही आम्हाला उलट्या बाजूने त्याच खड्ड्यात ढकलताय. माझ्या खुर्चीतून कुणी मरणार नाही, मान्य. पण जाहिरातीत ‘गेम’ लिहिलेलं मला कुठे दिसलं नाही. ‘अस्सल प्रशिक्षण’ लिहिलंय, ठळक अक्षरात.

मी हे बोलून दाखवल्यावर क्षणभर शांतता. मग अत्यंत मायेने: ‘मॅडम, हे विमान जरा अवघड आहे. लेडीजसाठी आमच्याकडे छान प्रवासी विमानं आहेत, त्यापासून सुरुवात करा ना.’

बाकी काही नाही झालं तरी हे वाक्य तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये शोधून ऐकाच. प्रवासी विमान सोपं असतं हे ज्याने त्याला शिकवलं त्याचाही सत्कार करा. आणि मॅडमला अवघड विमान नकोय असं कुणी ठरवलं? मॅडमला फक्त मीटरच्या डायलवर ‘मीटर’ लिहिलेलं हवंय.

वाईट याचं वाटतं की हे बनवणारी माणसं कामचुकार नाहीत. विमान गिरक्या घेत कोसळू लागलं तर स्टिक कुठे न्यायची हे दाखवणारी पॅनेलवरची पांढरी उभी रेघसुद्धा तुमच्या कॉकपिटमध्ये जागच्या जागी आहे. जिथे ही रेघ कुणाच्या नजरेतून सुटली नाही, तिथे पाटी एक सांगते आणि काटा दुसरंच, हे सुटलं? की कळलं होतं आणि ‘चालतंय’ म्हणून सोडून दिलं? तुमची आधीची विमानंही माझ्याकडे आहेत, ती याच नावावर विश्वास ठेवून घेतली. पुढचं घेताना विचार करावा लागेल.

मला हवंय ते असं: इंग्रजी कॉकपिटमध्ये एक तर डायलची मापं खरोखर बदला, नाही तर त्यावरचं ‘फूट’ आणि ‘नॉट’ पुसा. धडे या विमानासाठी नव्याने रेकॉर्ड करा. तोवर उत्पादनाच्या पानावरून ‘अस्सल प्रशिक्षण’ काढा. यातलं काहीच जमणार नसेल तर पूर्ण पैसे परत करा. पुढच्या खरेदीवरचं कूपन पाठवलंत तर ते मी अपमान समजेन. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर पैसे परत मिळावेत म्हणून बँकेत अर्ज जाईल, आणि १९० ‘नॉट’वर विमान कसं पडतं त्याचा व्हिडिओ, तुमच्या शिक्षकाच्या आवाजासकट, तुमच्याच पानावरच्या रिव्ह्यूत दिसेल. तो तयार आहे.

बंद केलेली तक्रार आज पुन्हा उघडा. आणि कृपा करून मला फोन करू नका.

आपली,
अजून तरी ग्राहक