स्कोअरशीट पाहिल्यावर

प्रिय मनू,

तुझ्या बुद्धिबळाच्या डावातल्या चालींच्या स्कोअरशीटचा फोटो मिळाला. घड्याळाबद्दल आज अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

सुरुवात अगदी नीट. वजिराचं प्यादं दोन घरं, मग सी-४, चौथ्या चालीला डी-५ वर अदलाबदल, उंट जी-५, वजीर सी-२. अकराव्या चालीला हत्ती बी-१ वर आणलास तेव्हा मी दादाला हाक मारून दाखवलं. बेत स्वच्छ होता: बी-४, बी-५, मग सी-६ वर मारायचं. प्रतिस्पर्ध्याने बी-प्याद्याने परत मारलं की सी-६ चं प्यादं मागे एकटं पडतं, आणि हत्तींनी शेवटपर्यंत त्याच्या मानगुटीवर बसायचं.

पण ए-प्यादी कटल्यावर बी-५ लगेच हवं होतं. तू मध्येच एच-३ खेळलीस. त्यानेच बी-५ ढकललं, आणि घोडा डी-७ वरून बी-६, तिथून सी-४. सी-पट्टीच बुजली. सी-६ कमजोर आहे, पण तिथवर हात पोचत नाही. घोडा उंटाने मारावा, तर त्याचं सी-प्यादं मोकळं सुटतं, तेही आधारासकट.

आणि त्या एच-३ ला 26 मिनिटं? तूच शेजारी लिहिलंयस म्हणून दिसलं. 90 मिनिटांतली 4 उरली होती चोविसाव्या चालीला! दर चालीला मिळणारी वाढ 30 सेकंदांची असली की वेळ संपत आली तरी चाली लिहिणं सुटत नाही, म्हणजे विचाराला उरतं किती? 1927 च्या जगज्जेतेपदासाठी कापाब्लांका आणि अलेखिन 34 पैकी 32 डाव याच ओपनिंगने खेळले. इतक्या मळलेल्या वाटेवर पहिल्या दहा चालींना वीस मिनिटं कशाला घालवायची?

बघ, बोललेच. रागावू नकोस. लहानपणी मेलेलं प्यादं मुठीत लपवायचीस, हळूच पटावर परत ठेवायला. आता हरलेला डाव चालींसकट, मिनिटांसकट स्वतःहून पाठवतेस. मला त्याचंच जास्त कौतुक.

उद्या काळी मोहरी. चौथ्या चालीला उंट जी-५ वर आला, तर बी-घोडा डी-७ वर. डी-५ वर अदलाबदल करून त्याने घोड्याने ते प्यादं खाल्लंच, तर तूही बेधडक घोड्याने मार. उंटाने वजीर घेऊ दे. तुझ्या उंटाचा बी-४ वर शह बसला की त्याला स्वतःचा वजीर मध्ये घालावाच लागतो, आणि हिशेब संपतो तेव्हा तुझं एक मोहरं जास्त असतं. तुला पाठ आहे, ठाऊक आहे मला. म्हणूनच, तिथे तरी दहा मिनिटं बसू नकोस.

आजीचा फोन आला तर उचल. निकाल तिला मी सांगितलेला नाही.

आई