ब्रिटनीहून विनायकास

रेन, नोव्हेंबर २०२५

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग. तू विचारलंयस, मी राहतो ते ब्रिटनी म्हणजे राज्य, जिल्हा की नुसतंच जुनं नाव? तू इतिहासाचा मास्तर, दोन ओळींच्या उत्तरावर तुझं भागणार नाही. म्हणून आजचा अख्खा रविवार याच कामाला काढलाय.

सरकारदरबारी विचारशील तर ब्रिटनी हा जुना प्रांत १७९० साली संपला. क्रांतीनंतर त्याचे पाच जिल्हे पाडले. आज या नावाचा एक प्रशासकीय विभाग आहे, पण त्यात चारच जिल्हे. तरीही इथल्या माणसाला कुठला म्हणून विचारलं, तर पुष्कळदा आधी ‘ब्रेटन’ असं उत्तर येतं. हे इतकं कसं टिकलं आणि त्यातलं काय हातातून निसटतंय, हेच इथे आल्यापासून माझ्या डोक्यात घोळतंय.

नकाशात फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिकात घुसलेलं टोक दिसतं ना, तेच ब्रिटनी. जमीन ग्रॅनाइटची, वारा झोडपणारा. सँ-मालोच्या बाजूला उधाणाच्या भरतीला पाणी बारा मीटरहून जास्त चढतं. पाचव्या-सहाव्या शतकात समुद्रापलीकडून, आजच्या वेल्स आणि कॉर्नवॉलकडून, माणसं आपली भाषा आणि आपले संत घेऊन इथे उतरली. म्हणून ब्रेटनचं फ्रेंचशी नातं फार लांबचं आणि वेल्शशी अगदी जवळचं. ही भाषा पश्चिमेकडची. पूर्वेला, माझ्या रेनकडे, गालो नावाची लॅटिन कुळातली बोली होती. इथला काळापांढरा झेंडा तू फोटोत पाहिला असशील. त्यावरचे नऊ पट्टे म्हणजे जुनी नऊ धर्मपीठं: पाच काळे गालोच्या मुलखाचे, चार पांढरे ब्रेटनच्या. झेंडा मात्र जुना नाही, १९२० च्या दशकातला आहे.

इतिहासात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, ब्रिटनीवर राज्य करणारी डचेस आन. १४८८ च्या जुलैत फ्रेंच फौजेने ब्रेटन सैन्याचा धुव्वा उडवला, सप्टेंबरात वडील वारले आणि अकराव्या वर्षी गादी तिच्याकडे आली. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी तिचं लग्न लागलं तेही तो हजर नसताना, प्रतिनिधीमार्फत. मग फ्रान्सच्या आठव्या शार्लने रेनला वेढा दिला, नवऱ्याकडून सुटका करणारी फौज काही आली नाही, आणि १४९१ च्या डिसेंबरात चौदा वर्षांच्या मुलीने वेढा घालणाऱ्याच्याच गळ्यात माळ घातली. करारात कलम होतं: राजा मुलगा मागे न ठेवता वारला, तर तिने गादीवर येणाऱ्या पुढच्या राजाशी लग्न करायचं. १४९८ मध्ये शार्लचं डोकं वाड्यातल्या दाराच्या चौकटीवर आपटलं आणि तो गेला. बाराव्या लुईने आपलं आधीचं लग्न रद्द करून घेतलं आणि आनशी केलं. पण या वेळी लग्न नाँतला, तिच्या स्वतःच्या किल्ल्यात, आणि ब्रिटनी वेगळं राहावं अशा अटी तिच्या. तिची बाळंतपणं किती झाली, पण जगल्या फक्त दोन मुली. १५१४ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ती गेली. देह राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे सँ-दनीला पुरला, हृदय मात्र तिच्या इच्छेप्रमाणे सोन्याच्या डबीत नाँतला, आईवडिलांच्या थडग्यात ठेवलं. ती डबी आजही नाँतच्या संग्रहालयात आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो.

थोरल्या मुलीचा नवरा पहिला फ्रान्स्वा राजा झाला आणि १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सला जोडलं गेलं. पण सशर्त! इथल्या सभेच्या संमतीशिवाय नवा कर नाही. आणि मिठावरचा कर, ज्याने बाकीचा फ्रान्स पिळून निघाला, तो इथे लागूच नव्हता. शेजारच्या प्रांतात मीठ कितीतरी पट महाग, म्हणून सीमेवर मिठाची चोरटी वाहतूक जोरात चाले. आजही इथे लोणी म्हणजे खारंच लोणी. पॅरिसवाले अळणी खातात, इथे ते कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

चौदाव्या लुईने हॉलंडशी लढाई काढली, खजिना रिता झाला, आणि त्याने १६७५ साली या शर्ती बासनात गुंडाळून मुद्रांकित कागद, तंबाखू आणि कथिलाच्या भांड्यांवर कर बसवले. रेनमध्ये दंगल झाली, मग खेड्यापाड्यांत शेतकरी उठले. काही भागांत ते लाल टोप्या घालत, म्हणून बंडाला नाव पडलं लाल टोप्यांचं. पुढारी कोण, तर सेबास्तियाँ ल बाल्प नावाचा एक नोटरी. सप्टेंबरात त्याला मारलं आणि बंड मोडलं. मग गव्हर्नरने काय करावं? पश्चिमेच्या ज्या गावांनी चर्चच्या घंटा वाजवून माणसं गोळा केली, तिथले घंटेचे मनोरे कापून टाकायचा हुकूम सोडला.

विनायक, यातला एक मनोरा मी पाहिला. पाँ-लाबे गावात लांबूरचं पडकं चर्च आहे, छप्पर नाही, आत गवत. कमानींचं कोरीवकाम नाजूक, दगडावर शेवाळ. आणि नजर मनोऱ्यावरून वर सरकते ती एकदम अडते, कारण वरचा भाग नाहीच. साडेतीनशे वर्षांत कुणी तो पुन्हा बांधला नाही. याच भागातल्या बायका लेसची उंच, नळकांड्यासारखी टोपी घालत. मनोरे कापले म्हणून आम्ही टोप्या उंच केल्या, अशी गोष्ट लोक सांगतात. ती खरी नाही, टोपी एवढी उंच झाली ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. पण इतक्या पिढ्यांनंतरही लोकांना ही गोष्ट रचावीशी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाचवा जिल्हा, नाँतचा, कसा गेला तेही सांगतो. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४१ साली, त्यांच्याशी जुळवून घेणाऱ्या पेताँच्या विशी सरकारने एका फर्मानाने तो तोडला. युद्ध संपलं, सरकार गेलं, पण नंतर आखलेल्या विभागांनी तीच रेघ कायम ठेवली. आनचा किल्ला आज प्रशासकीय ब्रिटनीच्या बाहेर आहे! माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर लोरियाँ बंदर बघ. १६६६ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीसाठी वसलेलं हे गाव, इथेच हिंदुस्थानातलं सुती कापड उतरायचं. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बूर्दोने हा सँ-मालोचाच.

द्वार्ननेबद्दल मात्र थोडक्यात लिहिणं जमणार नाही. हे तारलीच्या मासेमारीचं गाव. होड्या आल्या की दिवस असो वा रात्र, बायकापोरींनी कारखान्यात धावायचं, तारली साफ करून, तळून डब्यांत भरायची. मजुरी तासाला ऐंशी सांतीम, म्हणजे एक फ्रँकसुद्धा नाही. १९२४ च्या नोव्हेंबरात या बायका संपावर गेल्या. घोषणा ब्रेटनमध्ये: ‘पेम्प रेआल अ वो’, पाच रेआल मिळालेच पाहिजेत, म्हणजे सव्वा फ्रँक. मालकांनी भाड्याचे संपफोडे आणले, त्यांनी महापौरावर गोळ्या झाडल्या, आणि मालकांचीच छी-थू झाली. जानेवारीत एक फ्रँक दर आणि रात्रपाळीचे जादा पैसे पदरात पडले. त्यातली एक, जोझेफीन पँकाले, १९२५ मध्ये नगरपालिकेवर निवडून आली, जेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतही नव्हतं. निवड रद्द झाली. मतदान करायला बायकांना १९४५ उजाडावं लागलं.

त्या बायका पैसे ब्रेटनमध्ये मोजत, भांडत ब्रेटनमध्ये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही भाषा बोलणारे दहा लाखांच्या वर होते. अलीकडच्या पाहणीत उरले एक लाखाच्या आसपास, त्यातही वयस्कर माणसंच जास्त. राजाला जे जमलं नाही ते शाळेने केलं. मूल वर्गात ब्रेटन बोललं की त्याच्या गळ्यात लाकडी खडाव किंवा तसलंच काही अडकवायचे, मग त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडून ते त्याच्या गळ्यात घालायचं. माझ्या शेजारच्या आजी पश्चिमेकडच्या. त्यांच्या वडिलांनी हे सोसलं, म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलांशी कधी ब्रेटनचा शब्द काढला नाही. ‘पोरांना त्रास नको’, एवढंच त्या म्हणतात.

आता त्यांचा नातू दिवान शाळेत जातो. १९७७ मध्ये पालकांनी स्वतःच्या हिमतीवर सुरू केलेल्या या शाळांत सगळे विषय ब्रेटनमधून शिकवतात. २०२१ मध्ये घटना परिषदेने अशी पूर्ण माध्यमाची पद्धत घटनेत बसत नाही असं ठरवलं, कारण घटनेनुसार प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच. शाळा चालू आहेत, पण टांगती तलवार आहेच. परवा आजींकडे जेवायला होतो. काळ्या गव्हाचं, म्हणजे कुट्टूचं पीठ त्यांनी तापल्या तव्यावर ओतलं आणि लाकडी फावड्याने फिरवत कागदासारखं पातळ पसरवलं. आपल्या घावनाचीच जात, फक्त वर अंडं आणि खारं लोणी. नातू एकेका वस्तूचं नाव शाळेतल्या ब्रेटनमध्ये सांगत होता, आजी ते आपल्या गावच्या उच्चारात सुधारत होत्या. मधली पिढी, म्हणजे मुलाचा बाप, गप्प बसून ऐकत होता. त्याला दोघांचंही कळत नव्हतं.

इथे नाचगाणं जोरात आहे. फेस्त-नोझ या रात्रीच्या सामुदायिक नाचाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, तरुण पोरं करंगळीत करंगळी अडकवून रात्ररात्र नाचतात. झेंडे तर गाडीगाडीवर. मला याचा आनंद आहे, पण समाधान नाही. झेंडा लावायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही, भाषेला समोर उत्तर देणारं माणूस लागतं. तू मराठी शाळेत शिकवतोस, तुला हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. यंदा जुलैत पॅरिसला युनेस्कोच्या ज्या बैठकीत आपले बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच बैठकीत दुसऱ्या दिवशी इथले कार्नाकचे उभे दगडही गेले. सहा हजार वर्षांपूर्वीपासूनच्या रांगा, हजारो दगड. ते का उभे केले यावर इथे जेवढी माणसं तेवढी मतं.

लांबूरच्या मनोऱ्याचे फोटो मेलने पाठवतो, वर्गात दाखव. आणि नववीच्या पोरांना लाल टोप्यांचं बंड सांगितलंस तर त्यांनी काय विचारलं ते मला जरूर कळव. मे महिन्यात सुट्टी जुळली तर वहिनींना घेऊन ये, द्वार्ननेला एकत्र जाऊ.

तुझा,
सुहास