न पडताही ड्रोनला तडे जातात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छंदापुरता ड्रोन उडवणाऱ्याने त्याला तडा गेल्याचे सांगितले, की ‘कुठेतरी आपटला असेल’ असे म्हणून विषय संपवला जातो. माझा ड्रोन एकदाही पडलेला नसताना मोटरच्या दोन स्क्रूंभोवती केसासारख्या बारीक पांढरट रेषा उमटल्या आणि त्यांतली एक ड्रोनच्या हाताच्या, म्हणजे मोटर बसवलेल्या दांड्याच्या, कडेपर्यंत पोहोचली, म्हणून हे पत्र.

महिनाभरापूर्वीच ती मोटर बदलून घेतली होती. स्क्रू थरथरीने सैल पडू नयेत म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने निळे थ्रेडलॉक सढळ हाताने ओतले आणि वर स्क्रू करकचून आवळले. हा द्रव धातूच्या आट्यांसाठी असतो. तो एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या कवचाच्या प्लास्टिकवर ओघळला, तर आधीच ताणाखाली असलेल्या जागी प्लास्टिक चिरू लागते. पेट्रोल, थिनर व ॲसिटोनने पुसल्यासही हाच धोका असतो. ठिबकची जोडणी करणाऱ्या आपल्या केळी उत्पादकांना यात नवल वाटणार नाही, कारण क्लॅम्प जास्त पिळला की पाइप जोडापाशीच दगा देतो, हे त्यांनी पाहिलेले असते.

त्यात खानदेशातला मे महिना. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ड्रोन ठेवला, तर पॉलिकार्बोनेट मोटरच्या बुडाच्या ॲल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट प्रसरण पावते आणि घट्ट आवळलेल्या स्क्रूभोवतीचा ताण आणखी वाढतो.

कवचाचा स्क्रू पुन्हा बसवताना तो आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसल्याचे बोटांना कळले की मगच सुलटा फिरवावा, आणि तोही आखूड पेचकस दोन बोटांत धरून, टेकेपर्यंतच. मोटरचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत. थ्रेडलॉक लावायचेच असेल, तर स्क्रूच्या टोकाला सुईने टेकवलेला थेंब पुरतो. पंखे समतोल नसले तर थरथर वाढते, तेही तपासावे. तड्याच्या टोकाशी एक मिलिमीटरचे छिद्र पाडले की तो पुढे सरकणे बहुधा थांबते. मात्र मोटरच्या बुडाशी तडा असेल, तर ही मलमपट्टी न करता कवचच बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती करणाऱ्यांनी कोणता द्रव कुठे वापरला, एवढे तरी पावतीवर लिहून द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, भुसावळ