मुलुंडहून गिरगावाला, पाच रुपयांचं पाकीट

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

मुलुंड ते गिरगाव फार तर दीड तास, आणि ही पत्र कसलं लिहिते, असं आई म्हणेलच. फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते, आणि ते "बरं" मला महिनाभर झोपू देत नाही. म्हणून लिहिते.

गोधड्यांच्या कामासाठी मी नोकरी सोडली. राजीनामा मंजूर झालाय, ३१ तारीख शेवटचा दिवस. आधी विचारायला हवं होतं, कळतंय. पण तुम्ही नको म्हटलं असतंत आणि मी ऐकलं असतं.

अप्पाकाकांच्या छापखान्यासारखं होणार नाही. बाबांच्या मनात पहिलं तेच आलं असणार. माझ्या डोक्यावर रुपयाचं कर्ज नाही, निखिलचा पगार चालू आहे, आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला काढलाय आणि तुमच्या एफडीला कुणी हात लावलेला नाही. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं होतात, ते आता संपणार. म्हणून दोन महिन्यांपूर्वीच तुमची वेगळी पॉलिसी काढली. (२२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय.) बाबांचं सीजीएचएसचं सरकारी आरोग्य कार्ड आहेच, तरीही. मागे "बँकेचं काम आहे" म्हणून तुमच्या सह्या घेतल्या होत्या ना, त्या यासाठीच. रागावू नका.

आई, तू विचारतेस, गोधड्यांवर कुणाचं घर चालतं? पहिल्या वर्षी नव्हतंच चालत. पहिली गोधडी मी १५०० रुपयांना दिली. साड्या गिऱ्हाइकाच्याच होत्या, पण अस्तर, दोरा, पार्सल आणि कळव्याच्या मावशींची सहा दिवसांची मजुरी धरून हिशेब केला तर २३०० पडले होते. म्हणजे पदरचे ८०० घालून वर गोधडी दिली. आकडा सांगताना जीभ जड व्हायची. तो गुण कुणाकडून आलाय ते आपल्या दोघींना माहीत आहे. आता ४८०० घेते, निम्मे आधी, आणि महिन्याला बाराच. तेरावीचं नाव पुढच्या महिन्यात लिहिते. पावसाळ्यात धुतलेल्या साड्या वाळत नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्डर बंद, तेव्हा ऑनलाइन शिकवणी. कडेनं सुरुवात करून आत आत टाके घालत जायचं, हे तुझंच शिकवलेलं मी पैसे घेऊन शिकवते!

लोक येतात ते मात्र लिखाणामुळे. दर मंगळवारी माझ्या वेबसाइटवर एका साडीची गोष्ट लिहिते. आजीच्या नऊवारीवर २०२१ मध्ये लिहिलेलं अजून कुणी ना कुणी शोधत येतं, आणि वाचता वाचता स्वतःच्या आईच्या ट्रंकेबद्दल मला लिहितं. इन्स्टाग्रामवरचा फोटो दोन दिवसांत वाहून जातो. बाबा, ती लीव्ह-लायसन्सची खोली आहे, मालक कधी उठवेल नेम नाही. वेबसाइट आपली. तिचंही वर्षाला भाडं भरावं लागतं, पण आपल्या पागडीच्या भाड्यासारखं, फार नाही. आणि माझ्याकडे ११४० जणांचे ईमेल पत्ते आहेत. ही माझी पत्रवाटपाची बीट समजा. हिच्यावर पोस्टमन मीच.

कागदपत्रंही चोख आहेत. उद्यम नोंदणी केली, ती फुकट असते. महाराष्ट्राबाहेर माल जातो म्हणून जीएसटी नंबरही घेतला.

गेल्या आठवड्यात पणजीच्या एका बाईंनी पत्त्यात पिनकोड ४३०००१ लिहिला. लेबल चिकटवता चिकटवता माझा हात थांबला. गोवा म्हणजे ४०३! बाबा, रविवारी गॅलरीत बसून तुम्ही पहिले तीन आकडे म्हणायचात आणि मी गाव सांगायचे. ४११ पुणे, ४१६ कोल्हापूर, ४४० नागपूर. चुकले की पिनकोड आणणाऱ्या वेलणकरांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, १५ ऑगस्ट १९७२ पासून. जीपीओच्या घुमटाखाली तुमचा हात धरून उभी राहिले की मला वाटायचं, सगळ्या देशाची पत्रं बाबाच लावतात. तुमच्या शर्टाला लाखेचा वास यायचा. रात्री तुम्हा दोघांच्या मध्ये, आजीच्या गोधडीत, तो वास घेत मी झोपायचे. ते आठवलं की अजून लहान व्हावंसं वाटतं.

असो. आता ऐका.

बाबांनी दुधाची पिशवी घेऊन तीन जिने चढायचे नाहीत. दूधवाल्याशी मी बोलले आहे, तो वर आणून देईल, त्याचे जास्तीचे पैसे मी देते. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आईने ओट्याजवळची खुर्ची बसायला वापरायची, धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवायला नाही. भाजी चिरायला खाली बसलीस तर गुडघा माझ्याशी भांडेल. आणि मला मदत म्हणून तुझी हिरवी नारायणपेठ द्यायची नाही. तिला मी कात्री लावणार नाही.

दादाला मी सांगते, तुम्ही सांगू नका.

एक चांगलं होईल. रविवारी पार्सलं बांधायची असतात, पण बुधवार आता माझा मोकळा. बुधवारी सकाळी येते, संध्याकाळपर्यंत थांबते. पूर्वी रविवारी येऊन तासाभरात घड्याळ बघायचे, ते तुम्ही दोघांनी कधी बोलून दाखवलं नाहीत.

बाबा, बोलायचं नसेल तर बुधवारी बोलू नका. महिन्याची डझनभर लेबलं घेऊन येते, त्यांचे पिन तेवढे तपासून द्या.

तुमची,
मनू

ता. क. पत्र किती दिवसांत पोचलं ते कळवा. शिक्का बाबांनी आधीच बघितला असेल.