मोरेकाकांना जेवायला लावणाऱ्या काकांस

काका,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही 'बरं बरं, पाणी कसंय?' म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता पळवाट नाही.

आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला स्नोफ्लेक मोरे ईल, हा सापासारखा लांबट मासा, म्हणजे घरच्यांच्या भाषेत मोरेकाका, काल कोळंबीसकट चिमटाच पाइपात ओढून न्यायला निघाले होते. गेल्या ऑक्टोबरमध्ये याच गृहस्थांच्या नाकासमोर कोळंबी नाचवून माझा हात भरून यायचा आणि हे ढिम्म.

तेव्हा कोणाकोणाचे पाय धरले! ज्याने विकला तो म्हणाला, "मॅडम, सारखं तोंड उघडतोय ना, मग गेला समजा." दुसऱ्याने तांब्याच्या औषधाची बाटली गळ्यात मारली. तिसरा म्हणे जिवंत गोल्डफिश सोडा, मजा बघा. शिवाय 'लेडीज लोकांनी गप्पी पाळावेत' हा सल्ला फुकट. विकेपर्यंत यांच्याइतके तज्ज्ञ जगात नसतात, विकल्यावर ओळखही दाखवत नाहीत.

आणि तुम्ही! मैत्रिणीच्या ओळखीवर केलेला एक फोन, तर रविवारी, मेगाब्लॉकमध्ये, डोंबिवलीहून मुलुंडला आलात. आल्या आल्या टाकीत हात घालाल असं वाटलं होतं. तुम्ही दिवा बंद करायला सांगितलात आणि फरशीवर मांडी घालून नुसते बघत बसलात. बऱ्याच वेळाने म्हणालात, "अगं, तो मरत नाहीये, श्वास घेतोय. तोंड उघडमिट करूनच त्याला कल्ल्यांवरून पाणी फिरवावं लागतं." माझा जीव तिथेच भांड्यात पडला.

अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीत थर, त्यामुळे तांब्याचं औषध त्याला सोसायचं नाही, म्हणून ती बाटली तुम्ही न फोडताच परत करायला लावलीत. गोल्डफिशवर तर चिडलातच. त्यात बी-1 जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो, आणि याचे दात बोथट, खेकड्या-कोळंबीची कवचं फोडायला घडलेले. नवीन जागी हे प्राणी कित्येक आठवडे उपास काढतात, अंग उतरत नाही तोवर घाबरायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. डोळे अधू, सगळा कारभार नाकावर! मग घशातला दुसरा जबडा पुढे येऊन घास कसा आत ओढतो ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून दाखवलंत. हे शास्त्रज्ञांनी 2007 साली दाखवून दिलं म्हणे. सांगताना तुमचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता.

पण काका, माझ्या मनात घर करून बसलाय तो तुमचा रुमाल.

निघताना, चपला घालून झाल्यावर, तुम्ही परत आत आलात. फिल्टरची नळी जिथून जाते तिथे झाकणाला दोन बोटं फट होती. "रात्री वास घेत वर चढतात आणि सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात," म्हणालात, आणि खिशातला कडक इस्त्रीचा, घडीही न मोडलेला रुमाल त्या फटीत दाबून बसवलात. "उद्या जाळी लाव, तोवर राहू दे." मी फडकं आणते म्हणेपर्यंत तुम्ही जिन्यात. खिडकीतून पाहिलं तर भर ऑक्टोबर हीटमध्ये शर्टाच्या बाहीने घाम पुसत स्टेशनकडे चालला होतात. त्या रात्री झाकणाखाली खुडबुड ऐकू आली. फट उघडी असती तर काय झालं असतं, हे मला आजही मनात आणवत नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहाही अर्धा कप. ज्याला खरंच कळतं तो समोरच्याला लाजवत नाही. अशी माणसं कुठल्या दुकानात मिळत नाहीत, आणि भेटली की आपण उगाच सरळ होऊन बसतो. त्या तीन दुकानदारांना तुमच्या शेजारी तासभर नुसतं बसवायला हवं, गप्प.

जाळी लागली आहे. कोळंबी आता सालीसकट, मीठ-हळद न लावता, मध्येच माकूल आणि खेकड्याचा तुकडा. उन्हाळ्याआधी टाकीचं पाणी थंड ठेवणारा चिलर बघायला तुम्हाला बोलावणारच आहे. या खेपेला जेवूनच जायचं. मोरेकाकांची कोळंबी वेगळी काढते, आपली तिरफळ घालून करते.

तुमची,
मुलुंडची पोरगी