जलसंजीवनीत मीठ कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, हे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्यासाठीच्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं वापरायला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. याच प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेष्टनावर एक खुलासा छापण्याच्या अटीवर ती मुभा दिली होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे ती मागे घेतली गेली. यावर चर्चा पुष्कळ झाली, पण ती लेबल, फसवणूक आणि कोर्टकचेरीभोवतीच फिरली. जुलाबाने गळून गेलेल्या मुलाला जरा जास्त गोड पेय पाजलं तर नेमकं काय बिघडतं, हे मात्र कोणी नीट सांगितलं नाही. साखर तर जलसंजीवनीतही असते आणि या पेयांतही!

याचं उत्तर आतड्यातल्या पेशींच्या पटलात आहे. हे पटल ‘निवडक्षम’ असतं, म्हणजे काही पदार्थांना आत-बाहेर जाऊ देतं, काहींना नाही, एवढं शाळेत सगळेच शिकतात. बेदाणे पाण्यात टाकायचे, फुगलेले पाहायचे, व्याख्या लिहायची, गुण मिळवायचा आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. पण ही निवड पेशीसाठी जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे बेदाण्यांवरून कळत नाही. बेदाणा बिचारा कधीच मेलेला असतो.

जिवंत पेशीचं पटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज ये-जा करतात. सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज यांना मात्र त्यातून वाट नाही. त्यांना पटलात रुतलेल्या ठरावीक प्रथिनांमधूनच जावं लागतं. पेशीबाहेर सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचं एकक) असतं, आत जेमतेम दहा-पंधरा. पोटॅशियमचं नेमकं उलट. हा फरक आपोआप टिकत नाही. एक पंप अखंड चालू असतो: दर फेरीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये तो दाखवून दिला आणि त्यांना नोबेल मिळालं ते थेट १९९७ मध्ये. हा पंप बंद पडला तर सोडियम आत साचतं, त्यामागून पाणी शिरतं आणि पेशी फुगून फुटते.

आता कॉलरा. आतड्याचं अस्तर सोलून निघतं म्हणून एवढे जुलाब होतात, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. ती खोटी ठरली. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की हे काम जंतूंनी सोडलेल्या विषाचं आहे. (त्यांना नोबेल मिळालं नाही. मिळायला हवं होतं, असं मला वाटतं.) या विषाने पटल फाटत नाही. त्यातली क्लोराइडची एक वाट उघडी राहते, ती मिटतच नाही. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागतं, त्यामागून सोडियम, त्यामागून पाणी. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. बाकी पेशी धडधाकट, फक्त एका ठिकाणची निवड बिघडलेली, आणि तेवढ्यावर माणूस काही तासांत दगावू शकतो.

सुदैवाने शेजारची दुसरी वाट या विषाला दाद देत नाही. ते दार जोडीनेच उघडतं: २ सोडियम आणि १ ग्लुकोज एकत्र आले तरच दोघांना आत घेतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत ही कल्पना मांडली. दोघं आत गेले की पाणीही मागोमाग जातं. जलसंजीवनीतलं मीठ म्हणूनच चवीपुरतं नसतं, आणि साखरही ताकदीसाठी नसते. नुसतं मीठपाणी पाजून भागत नाही, नुसतं साखरपाणी पाजूनही नाही.

सध्याच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल, अगदी बरोबरीने. याउलट बाजारातल्या बऱ्याच गोड पेयांत लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नावाला. एवढी साखर शोषली जात नाही. ती पोकळीतच राहते आणि पेशींकडचं पाणी उलट आपल्याकडे खेचते. म्हणजे जुलाब वाढतात. खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये आपलं जुनं सूत्र बदललं, ३११ची परासरणीय तीव्रता (विरघळलेल्या कणांची एकूण दाटी) २४५वर आणली, ती याच दिशेने विचार करून.

मीठ-साखरेच्या या जोडीची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली होती. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, बेकिंग सोडा आणि ग्लुकोज पिंपांत कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणाऱ्यांत डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. सोडियम-ग्लुकोजची वाट शाबूत होती, म्हणून हे जमलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर.

एवढी मोठी गोष्ट पेशीच्या धड्यात बेदाण्यांशेजारी का बसू नये? पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद वाढला तर त्या मुलांपैकी कोणी तरी उद्या आई-बाप होईल, कोणी औषधाच्या दुकानात उभं राहील. आज दुकानदार ‘ओआरएस द्या’ म्हटल्यावर थंडगार रंगीत पुडकं पुढे करतो आणि आपणही ते घेतो, कारण पोर ते आवडीने पितं.

आपल्या दैनिकाला एक विनंती. पावसाळा तोंडावर आला की जूनमध्ये एक छोटी चौकट छापावी. जलसंजीवनीचं पाकीट मिळालं तर तेच वापरावं, कारण त्यात पोटॅशियमही असतं. ते नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नये, लहान मुलांना ते घातक ठरतं. सोबत सोडियमचा आकडाही द्यावा: १०० मिलीला सुमारे १७० मिलिग्रॅम. पेयाच्या पुडक्यामागे बारीक अक्षरात हा आकडा असतो, तो ताडून पाहता येतो.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, कराड