‘हिंसक’ म्हणण्याआधी दाढ तपासा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गणपतीला चाकरमानी आले की कोकणातलं घर गजबजतं. ज्या घरात बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न मूल आहे, तिथे नेमकी याच दिवसांत ‘पोरगा बिघडला’ अशी बोलणी सुरू होतात. भजनाचा माईक, फटाके, जेवणाची अवेळ, त्याच्या रोजच्या झोपायच्या जागेवर पाहुणे. एवढं सगळं बदललेलं असतं, तरी खोट मुलातच काढली जाते. मग कोणी गाऱ्हाणं घालायला सांगतो, कोणी झोपेची गोळी सुचवतो.

माझा भाचा सतरा वर्षांचा, बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात तो जेवताना ताट भिरकावू लागला, उजव्या गालावर मुठीने मारून घेऊ लागला. वाडीत बाधा ठरली. एका डॉक्टरांनी ‘या मुलांचं असंच असतं’ म्हणत त्याचं तोंडसुद्धा उघडून न बघता गोळी लिहून दिली. बहीण माझी हट्टी. पेज पिताना तो मारून घेत नाही, भाकरी चावतानाच घेतो, हे तिने हेरलं आणि दंतवैद्य गाठला. मागची दाढ मुळापर्यंत किडलेली निघाली. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, त्याचे दात, कान, बद्धकोष्ठ, पित्त, फिट हे सगळं आधी बघायला नको का?

दुखणं नाही अशी खात्री झाली की पुढचं काम वहीचं. तीन रकाने: आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यावर आपण काय केलं. तिसरा रकाना सगळ्यांत बोलका, आणि तोच कोरा राहतो. एका शाळेत (नाव घेत नाही) एक मुलगा लिहायला बसवलं की वही फाडायचा. शिक्षा म्हणून त्याला व्हरांड्यात बसवत. म्हणजे लिहिण्यातून सुटका! फाडणं वाढत गेलं आणि शेवटी ‘घरी ठेवा’ असा निरोप आला. दुसरं एखादं मूल बाईंनी जवळ यावं म्हणून फाडेल, तिसरं मोबाईलसाठी, चौथ्याला नुसता कागदाचा आवाज आवडत असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

कार आणि ड्युरंड या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं. काम अवघड जातं म्हणून आदळआपट करणाऱ्या मुलाला ‘मला समजत नाही’ असं म्हणायला शिकवलं, की आदळआपट कमी होते. कारण लक्ष वेधण्याचं असेल, तर मात्र त्या वाक्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे साधनं नाहीत असंही नाही. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची बेसिक-एमआर ही अशा मुलांचं वर्तन तपासायची मापनश्रेणी १९९२ पासून आहे. तिच्या दुसऱ्या भागात समस्या वर्तनांच्या ७५ नोंदी आहेत. त्यातून काय घडतं आणि किती वेळा, हे कळतं. का घडतं, त्यासाठी मुलाजवळ बसावंच लागतं.

आमच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्रापुरता बुद्ध्यांक मोजला, टक्केवारी लिहिली की फाईल बंद. पुढच्या तपासणीला मंडणगडहून रत्नागिरी गाठायची, तर आधीच बिथरलेल्या मुलाला घेऊन अख्खा दिवस एसटीत. त्यापेक्षा दिव्यांग शिबिरातच दंतवैद्य बसवावा, आणि महिन्यातून एकदा तरी मानसशास्त्रज्ञ तालुक्याला यावा. पालकांनी वही आणली, तर ती निदान उघडून वाचली जावी.

— एक मावशी, मंडणगड